शेवटच्या पानाची शेवटची ओळ

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विद्यापीठातील दिवसांविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा आम्ही दोघांनी प्रथम नकारच दिला. विहारासमोरचा कडुनिंब, पहाटेची घंटा, पंक्तीत बसून खाल्लेली भाकरी यांविषयी इतर माजी विद्यार्थी आमच्याहून चांगले लिहितील. मात्र विद्यापीठात गेल्यावर आम्ही तिघांनी एक वृत्तपत्र चालविले होते, आणि त्याचे मूळ शाळेच्या भोजनगृहाबाहेरील भिंतीवर होते. त्या पत्रात आमच्या हातून एक चूक घडली. ती आजवर आम्ही कोठे लिहिली नाही. तिघांतील एक आता राहिला नाही. उरलेल्या दोघांनी ती लिहून ठेवावी, असे शेवटी ठरले.

जुन्या विद्यार्थ्यांना ते भित्तिपत्रक आठवत असेल. एका मोठ्या कार्डशीटवर दर रविवारी नवा मजकूर चिकटवला जाई. मथळे बोरूने लिहिलेले, मजकूर दौत-टाकाने, आणि कडेला लाल शाईची वेलबुट्टी. विहिरीचे पाणी किती खाली गेले, कुणाचे वडील भेटून गेले, कबड्डीत कोण हरले, अशा त्यातील बातम्या. मराठीचे गुरुजी मजकुरात सहसा हात घालीत नसत. ऱ्हस्वदीर्घ सुधारीत, इतकेच. त्यांचा नियम एकच होता. प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याने आपले नाव आपल्या हाताने लिहायचे. एकदा स्वयंपाकीण मावशींच्या बोलण्याची नक्कल करणारा एक निनावी मजकूर रात्रीतून भिंतीवर लागला. सकाळी गुरुजींनी तो काढला नाही. त्याखाली त्यांनी स्वतःचे नाव लिहिले, आणि भोजनगृहात जाऊन मावशींपुढे हात जोडून उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले. ज्याने तो मजकूर लिहिला होता तो त्या दिवशी जेवला नाही. तो आमच्यापैकीच एक होता, हे येथे सांगायला हरकत नाही.

१९८१ साली आम्ही तिघे दहावी झालो, आणि १९८६ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी एकाच विद्यापीठाच्या वसतिगृहात, एकाच खोलीत येऊन पडलो. त्या विद्यापीठाचे नाव येथे देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे काय, हे आम्हाला प्रथम तेथे उमगले. जमीन सरकारची, इमारती सरकारी अनुदानाच्या, आणि आमचे जेवणही भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. तरीही त्या आवारात काय चालले आहे हे कुणालाच नीट कळत नसे. परीक्षेची तारीख बदलली, तर जिल्ह्याच्या दैनिकात चार दिवसांनी चार ओळी येत. वसतिगृहाचे पाणी बंद झाले, तर तेवढेही येत नसे. मग आपणच एक पत्र का काढू नये, असे एका रात्री वाटले. पंचविशीच्या आतल्या माणसांना असे वाटायला फार कारण लागत नाही.

प्रथम आम्ही एका ट्रेडल छापखान्यात गेलो. मालक भला माणूस होता. त्याने चहा पाजला आणि विचारले, ‘डिक्लेरेशन आणलंत का?’ वृत्तपत्रावर मुद्रकाचे, प्रकाशकाचे आणि संपादकाचे नाव छापावे लागते, आणि त्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागते, हे त्याच्याकडून कळले. १८६७ सालचा तो कायदा होता. १८५७ च्या उठावाला दहा वर्षे झाल्यावर इंग्रजांनी केलेला हा कायदा स्वतंत्र देशातही दीर्घकाळ चालू राहिला, आणि आता कोठे २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जी ओळ असते, जी कुणी वाचीत नाही, ती त्या कायद्याची. राज्यकर्त्यांना ती हवी होती, कारण उद्या कुणाला पकडायचे हे त्यांना माहीत असावे लागते. आम्हाला ती नको होती, त्याचेही कारण नेमके तेच.

म्हणून आम्ही सायक्लोस्टाइलचा मार्ग धरला. बाजारपेठेतील एका टंकलेखन वर्गात मराठीचे यंत्र होते. फीत काढून ठेवायची आणि नुसत्या खिळ्यांचा ठसा मेणाच्या स्टेन्सिलवर उमटवायचा. अक्षर जोरात पडले तर ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे गळून पडत आणि छपाईत तेथे काळा ठिपका येई. हळू पडले तर अक्षर उमटतच नसे. चूक झाली तर गुलाबी द्रव लावून, फुंकर मारून, वाळल्यावर पुन्हा टंकायचे. आमच्या तिसऱ्या मित्राचा हात यात बसला होता. तो रात्री नऊ ते बारा त्या वर्गात बसे, आणि आम्ही दोघे शेजारी बसून मजकूर वाचून दाखवीत असू. मग मोठ्या रुळाच्या यंत्रावर एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने ओले कागद उचलून दोरीवर टाकायचे. तीनशे प्रती होईपर्यंत पहाट होई. कपड्यांना शाईचा वास असा बसे, की वर्गातील मुली बाके बदलीत. चार पानांच्या प्रतीची किंमत पंचवीस पैसे होती. कपाळावर आम्ही ‘केवळ खाजगी वितरणासाठी’ असे टंकीत असू. ही पळवाट कायद्यात बसते की नाही, हे कुणाला विचारले नाही. अंकावर आमचे नाव कोठेच नव्हते.

पहिले तीन अंक हातोहात खपले. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे, ही मागणी त्यात होती. ती मान्य झाली. आपण लिहिल्याने काही हलते, ही जाणीव फार गोड असते आणि ती लवकर डोक्यात जाते.

चौथा अंक शिष्यवृत्तीचा होता. त्या वर्षी फेब्रुवारी उजाडला तरी पैसे आले नव्हते. मेसच्या फलकावर थकबाकीदारांची नावे लागली, आणि ज्यांची थकबाकी तीन महिन्यांवर गेली त्यांचे ताट बंद झाले. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला, शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाने आपला अर्ज दोनदा परत पाठवला आणि चहापाणी मागितले. आम्ही दुसऱ्या एकाला विचारले. त्यानेही तेच सांगितले. दोन जणांनी सांगितले म्हणजे खात्री झाली, असे आम्ही मानले. दुसऱ्याने ते पहिल्याकडूनच ऐकले होते, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. पहिल्या पानावर मथळा टंकला, ‘शिष्यवृत्तीचे पैसे कुणाच्या खिशात?’ शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की तो आरोप राहत नाही, अशी आमची समजूत होती. खाली त्या लिपिकाचे संपूर्ण नाव, आडनावासह.

सात-आठ दिवसांनी, रात्री नऊच्या सुमारास, दारावर टकटक झाली. भाऊसाहेब स्वतः उभे होते. विद्यापीठात सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. कडेला आवक-जावकाची जाड नोंदवही, तिच्यात खुणेच्या चिठ्ठ्या. आम्ही बसायला खुर्ची दिली, पण ते खाली सतरंजीवर बसले. त्यांनी वही उघडली आणि एकेक चिठ्ठी काढीत वाचून दाखविले. अर्ज कोणत्या तारखेस आले, समाजकल्याण खात्याकडे कोणत्या तारखेस गेले, स्मरणपत्रे केव्हा पाठविली. चार स्मरणपत्रे होती. मंजुरी आली नव्हती, म्हणून पैसे आले नव्हते. ज्या मुलाचा अर्ज परत गेला होता, त्याला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता. चहापाणी मागितले गेले होते ते त्या दाखल्यासाठी, दुसऱ्याच एका कचेरीत. मुलाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आणि आम्ही त्या एकत्र छापल्या.

भाऊसाहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर आम्हाला सोपे गेले असते. त्यांनी खिशातून आमचा अंक काढला. घड्या पडून तो मऊ झाला होता. पहिले पान, मग उलटून शेवटचे पान, दोन्ही त्यांनी दिव्याकडे धरून पाहिले आणि म्हणाले, ‘पोरांनो, यात माझं नाव आहे. तुमचं कुठं आहे?’

रोज सकाळ-संध्याकाळ चौथे शील म्हणत वाढलेली आम्ही मुले. खोलीत इतकी शांतता झाली, की शेजारच्या खोलीतील रेडिओ ऐकू येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी कळले, की त्यांचे टेबल काढून घेतले आहे आणि त्यांना अभिलेख कक्षात बसविले आहे. आमचा अंक वरपर्यंत गेला होता. नव्या माणसाला ते काम ठाऊक नव्हते. जुन्या स्मरणपत्रांचा पाठपुरावा थांबला, आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती मे महिन्यात आली. ज्यांचे ताट बंद झाले होते त्यांपैकी काही जणांना मित्रांनी आपल्या ताटात घेतले. एक मुलगा मार्चमध्ये गावी गेला, तो परीक्षेलाही परतला नाही. तो आमच्यामुळेच गेला असे कुणी कधी म्हटले नाही. आम्हीही ते मोठ्याने म्हटलेले नाही. येथे प्रथमच लिहीत आहोत.

पाचवा अंक दुरुस्तीचा काढायचा ठरले. मजकूर आमच्या तिसऱ्या मित्राने लिहिला, एका बैठकीत, एकही ओळ न खोडता. त्यात सबब नव्हती. काय छापले, ते कसे चुकले, आणि चूक कुणाची, इतकेच होते. जागा पहिल्या पानावरची, तीच. अक्षरही तेवढेच. मग नावांचा प्रश्न आला. आम्ही दोघे म्हणालो, आता तिघांची पूर्ण नावे खाली टंकायची. तो म्हणाला, ‘माझं टाकू नका.’

त्याची जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी व्हायची होती. घरी आई, दोन बहिणी, शाळेत शिकणारा धाकटा भाऊ. हे सर्व आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही त्याला जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन बोललो, हे विशेष. बाबासाहेबांची लेकरे म्हणवतोस आणि सहीला भितोस, असा त्यातील सौम्य भाग होता. त्याने उत्तर दिले नाही. स्टेन्सिल मात्र त्यानेच टंकली आणि आमची दोन नावे त्याच्याच बोटांनी उमटली. नंतर तो खोली बदलून गेला.

दुरुस्तीचा अंक खपला नाही. पंचवीस पैसे देऊन कुणी क्षमायाचना विकत घेत नाही. आम्ही त्या प्रती फुकट वाटल्या, आणि जेथे जेथे चौथा अंक चिकटवला गेला होता त्या चहाच्या टपरीवर, सायकल-तळावर, मेसच्या दारावर स्वतः खळ लावून चिकटवल्या. लोक उभे राहत, मथळा पाहत आणि पुढे जात. आरोप वाचताना याच भिंतींपुढे गर्दी झाली होती. भाऊसाहेबांना त्यांचे टेबल परत मिळाले नाही. निवृत्त होईपर्यंत ते अभिलेख कक्षातच होते. वाटेत भेटले की आमचा अभ्यास कसा चालला आहे, हे मात्र विचारीत.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे शाळेत आलो आणि गुरुजींना सर्व सांगितले. मित्राची तक्रारही केली. गुरुजी ग्रंथालयात होते. ‘मूकनायक’च्या पहिल्या पानाची चौकट त्यांच्या मागेच टांगलेली होती. त्यांनी विचारले, ‘मूकनायक कुणाचा?’ आम्ही म्हणालो, बाबासाहेबांचा. ‘संपादक कोण?’ आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तेव्हा त्यांनी सांगितले, की ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्यावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. लेखणी त्यांची होती, पण नाव त्यांचे नव्हते. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाला, तो मात्र त्यांच्याच संपादकत्वाखाली, आणि त्या अंकांतील रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले.

आम्ही लगेच म्हणालो, मग आम्ही चौथ्या अंकावर नाव टाकले नाही तेही चालले असते. गुरुजी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘भटकरांचं नाव होतं ना? कुणाचं तरी होतं. पत्त्यासकट होतं. ज्याला भांडायचं तो तिथं जाऊ शकत होता. आणि ते पत्र कुणाविरुद्ध होतं? एखाद्या कारकुनाविरुद्ध?’

याहून अधिक ते बोलले नाहीत. बलवंताविरुद्ध लिहिताना एखाद्याने आपले नाव मागे ठेवणे आणि दुबळ्याविरुद्ध लिहिताना सर्वांनी मिळून नाव झाकणे, यांतील अंतर आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी नीट मांडता आले. त्या दिवशी इतकेच कळले, की मित्राला आपण फार बोललो.

पत्राचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. नावे छापल्यामुळे आम्ही आता सापडण्यासारखे झालो होतो. आम्हाला बोलावून घेण्यात आले. शिक्षा झाली नाही, उलट देकार मिळाला. विद्यापीठ कागद देईल, चांगली छपाई देईल, फक्त एक प्राध्यापक प्रभारी म्हणून प्रत्येक अंक आधी पाहतील. आम्ही थकलो होतो आणि एका चुकीने घाबरलोही होतो. कुणीतरी आधी पाहील तर बरेच, असे मनापासून वाटले. आम्ही होकार दिला. पुढचे दोन अंक गुळगुळीत कागदावर निघाले. त्यांत स्नेहसंमेलनाचा वृत्तांत होता, पारितोषिकांची यादी होती, पाहुण्यांची छायाचित्रे होती. शेवटच्या पानाच्या तळाशी नावांची ओळही होती, अगदी नियमाप्रमाणे. चूक एकही नव्हती. ते अंक गठ्ठ्यांतच राहिले. तिसरा अंक निघाला नाही, आणि तो का निघाला नाही असे कुणी विचारलेही नाही.

आमच्यापैकी एकाची कन्या पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, शिकावयास गेली. तेही सरकारी विद्यापीठच. २०१६ साली तिला भेटावयास गेलो असता विद्यापीठाच्या आवारात एक फुकट दैनिक हाती पडले, ‘द डेली कॅलिफोर्नियन’. १८७१ पासून चालत आलेले हे पत्र विद्यार्थीच चालवितात. जुन्या सवयीने आधी शेवटची ओळ शोधली. कन्या हसली आणि तिने त्या पत्राची हकिगत सांगितली. पुढे आम्ही ती वाचूनही काढली. १९६९ च्या वसंतात विद्यापीठाच्या मालकीच्या एका मोकळ्या जागेवर विद्यार्थ्यांनी आणि रहिवाशांनी मिळून बाग केली, पीपल्स पार्क. विद्यापीठाने तेथे कुंपण घातले. १५ मे १९६९ रोजी चकमक झाली, पोलिसांनी बंदुका चालविल्या, आणि जेम्स रेक्टर नावाचा तरुण त्या जखमांनी मृत्यू पावला. दोन वर्षांनी, मे १९७१ मध्ये, त्या दिवसाच्या स्मरणाच्या सुमारास, या पत्राच्या संपादकांनी अग्रलेखातून बाग परत घेण्याचे आवाहन केले. विद्यापीठाने संपादकांविरुद्ध पावले उचलली. त्या झगड्यातून पत्र विद्यापीठापासून वेगळे झाले, आवाराबाहेर पडले आणि आपल्या पायांवर चालू लागले.

तो अग्रलेख शहाणपणाचा होता, असे आमचे मत नाही. ज्या जागेवर एक माणूस मेला आहे तेथे पुन्हा चाल करून जा असे लिहिणे, हे आमच्या चौथ्या अंकाच्या जातीचेच धाडस वाटते. परंतु चुकल्यावर किंवा अडचणीत आल्यावर काय करावे, यात त्यांची वाट आणि आमची वाट वेगळी झाली. त्यांनी घर सोडले आणि पत्र ठेवले. आम्ही घर ठेवले. त्यांना ते स्वस्त पडले असेही नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या पत्राला पैशांची ओढाताण सुटली नाही, आणि २०१२ साली तर तेथील विद्यार्थ्यांनी मतदान करून या पत्रासाठी स्वतःवर लहानशी वर्गणी बसवून घेतली. ते वाचताना मेसमध्ये ताट बंद झालेली आमची मुले आठवली. त्यांच्याकडे आम्ही वर्गणी मागू शकलो नसतो. पण पंचवीस पैसे त्यांनीही दिले होते, हे खरे.

आमचा मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. त्याच्या शाळेतही एक भित्तिपत्रक असे. आम्ही एकदा जाऊन पाहिले, प्रत्येक मजकुराखाली मुलांची वेडीवाकडी नावे होती. खोली बदलून गेल्यानंतर तीन वर्षांनी तो आमच्याशी पुन्हा बोलू लागला होता. त्या अंकाविषयी तो कधी बोलला नाही, आणि आम्हालाही क्षमा मागण्याचा धीर झाला नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आम्ही वहिनींना भेटावयास गेलो. दुरुस्तीचा तो मजकूर त्याचा होता, हे सांगितले. आमच्या दोघांची नावे अनुक्रमणिकेत येतील. त्याचे नावही तेथे, आमच्या आधी, छापावे अशी आमची इच्छा होती. वहिनींनी आत जाऊन एक पत्र्याची पेटी आणली. तीत पाचव्या अंकाची प्रत होती, प्लॅस्टिकमध्ये नीट घातलेली. त्यांनी ती आम्हाला पाहू दिली आणि परत पेटीत ठेवली.

‘भावोजी, त्यांनी तेव्हा नको म्हटलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तसंच राहू द्या.’

म्हणून अनुक्रमणिकेत दोनच नावे आहेत.